एएची मीटिंग शोधताय? एका रिक्षावाल्याकडून पत्ता घ्या

चोवीस वर्षं डोंबिवलीत रिक्षा चालवतोय. नुसतं बिल्डिंगचं नाव सांगा, दारात सोडतो. पण अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा ग्रुप, त्याच्या मीटिंगचं दार सापडायला मला तीन मंगळवार लागले. पहिल्या मंगळवारी शाळेच्या गेटपर्यंत गेलो, आत काळोख दिसला, सुटलो म्हटलं आणि रिक्षा थेट देशीच्या दुकानावर नेली. तुमचं असं होऊ नये म्हणून लिहितोय.

आधी एक सांगतो. सकाळी हात थरथरत असतील, घोटभर पोटात गेल्याशिवाय दाढीसुद्धा करता येत नसेल, तर मीटिंगच्याही आधी डॉक्टर गाठा. अशा माणसानं एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेततं. सरकारी हॉस्पिटलात मानसोपचाराच्या ओपीडीचा केसपेपर काढा. तिथल्या सोशल वर्करना आसपासचे ग्रुप बऱ्याचदा माहीत असतात. मला पहिला पत्ता तसाच मिळाला.

त्याआधी मी मोबाइलवर शोधलं होतं. 'दारू सोडवा' टाकलं आणि पहिला दिसला तो नंबर फिरवला. समोरचा म्हणाला, "पेशंट कुठे आहे? गाडी पाठवतो, डिपॉझिट तयार ठेवा." ते खासगी केंद्र होतं. काहींना भरती व्हावं लागतंही, पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून ते काम करतंय. पण डिपॉझिट, ॲडमिशन असली भाषा निघाली की समजा, ही एए नव्हे. एएला फी नाही. मीटिंगमध्ये डबा फिरतो, ज्याला वाटेल तो टाकतो. नव्या माणसानं नाही टाकलं तरी कुणी बघत नाही.

शोधताना 'एए जीएसओ इंडिया' असं टाका. हे एएचं भारतातलं मुख्य ऑफिस, त्यांच्या वेबसाइटवर गावागावांतल्या मीटिंगांची माहिती मिळते. नेटचं जमत नसेल तर सरकारची व्यसनमुक्तीची १४४४६ ही फुकट हेल्पलाइन आहे, जवळ मदत कुठे मिळेल ते तिथे विचारा. यादीत पत्ता दिसला म्हणून लगेच निघू नका, आधी फोन करा. आणि तो न पिता करा. मी रात्री टाइट असताना केला, पलीकडच्यानं सगळं नीट सांगितलं, सकाळी मला शाळेचं नाव तेवढं आठवत होतं.

फोनवर काय विचारायचं? मीटिंग मराठीत की हिंदीत, ओपन की क्लोज्ड. ओपनला बायको, भाऊ, कुणीही बसू शकतं. क्लोज्ड फक्त आपल्यासारख्यांची. मग गेट कुठलं, मजला कुठला, हे खोदून विचारा. आमचा ग्रुप शाळेत भरतो. संध्याकाळी पुढचं गेट बंद, रस्ता मागून, पाण्याच्या टाकीकडून. हे मला दुसऱ्या मंगळवारनंतर कळलं. मे महिन्यात आणि दिवाळीत शाळा बंद, तेव्हा जागाच बदलते. म्हणून दर सुट्टीत परत फोन.

तिसऱ्या मंगळवारी टाकीपाशी पोचलो. मी तोंड उघडायच्या आत वॉचमन म्हणाला, "मीटिंग ना? दुसरा मजला." माझ्या तोंडावर लिहिलंय की काय, असं वाटून मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर तिसरीचा वर्ग. बाकं एवढीशी की गुडघे आत जाईनात. फळ्यावर वजाबाकीची गणितं अर्धवट पुसलेली. एकानं चहा हातात दिला आणि फक्त नाव विचारलं. आडनाव नाही, पत्ता नाही. मी तासभर गप्प बसलो, चाललं. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. १९३५ साली अमेरिकेत हे सुरू करणारे दोघंही स्वतः पिणारेच होते, आणि त्यातला एक डॉक्टर!

देवाचं नाव निघतं, ते ज्याच्या त्याच्या समजुतीवर सोडलेलं आहे. मी तर दोनदा माळ घालून दोनदा खुंटीला टांगलेला माणूस. श्रावण मात्र दरवर्षी कडक पाळायचो आणि "बघा, महिनाभर शिवलो नाही" म्हणून मिरवायचो. गटारीला काय करायचो ते मिरवत नव्हतो.

ओळखीचं कुणी बघेल ही भीती असेल तर दोन स्टेशनं लांबचा ग्रुप धरा. त्या पहिल्या मीटिंगनंतर मीही तीन महिने ठाण्याला जायचो. तिथे एक दिवस आमच्याच स्टँडवरचा भेटला. तोही त्याच कामाला आला होता, बोलणार कुणाला? अगदीच धीर होत नसेल तर ऑनलाइन मीटिंगा आहेत, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐका. बायकांनी फोनवरच विचारावं, इतर महिला कुठल्या ग्रुपला येतात. घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं आहे. माझी बायको माझ्याआधी तिथे जायला लागली होती, मला पत्ताही लागू दिला नाही.

एक ग्रुप नाही पटला तर दुसरा बघा. मधे प्यायलात तरी परत या, कुणी हिशेब मागत नाही. मी दोनदा परत आलो. आणि पहिल्याच दिवशी दोघांचे नंबर कागदावर लिहून घ्या, कारण तलफ येते तेव्हा नेमकी मोबाइलची बॅटरी गेलेली असते. माझा कागद मीटरच्या खाली चिकटवलाय. पावसानं एका नंबरचे शेवटचे दोन आकडे गेलेत, दुसरा अजून लागतो.