घोट्याचा ब्रेस घ्यायचाय? आधी मांडी तपासून घ्या

दादाच्या उजव्या बुटाचं टोक झिजून आतलं कापड दिसायला लागलं, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की त्याचं पाऊल फरफटतंय. धडधाकट माणसाचा चवडासुद्धा चालताना जमिनीपासून जेमतेम १ ते २ सेंटिमीटर वरून पुढे जातो. पाऊल उचलणारा नडगीचा स्नायू थोडा जरी दुबळा झाला की उंबरठा, पायपुसणं, फरशीची वर आलेली कड, सगळीकडे ठेच लागते.

दादाला लिम्ब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे खुबा आणि खांद्याभोवतीचे स्नायू हळूहळू दुबळे करत जाणारा आनुवंशिक आजार. पहिला ब्रेस (दवाखान्यात त्याला एएफओ, म्हणजे अँकल-फूट ऑर्थोसिस, म्हणतात) आम्ही घाईने करून घेतला. जाड प्लास्टिकचा, घोटा काटकोनात पक्का धरणारा. ठेचा थांबल्या, पण तिसऱ्याच दिवशी गुडघा एकदम मुडपला आणि दादा जिन्यातच खाली बसला. ब्रेस माळ्यावर गेला. मांडीत किती ताकद उरली आहे, हे तोवर कोणी पाहिलंच नव्हतं. तेव्हा आम्ही ज्या क्रमाने जायला हवं होतं, तो क्रम इथे देते.

१. चालीचा व्हिडिओ काढा

बाजूने एक, मागून एक. अनवाणी आणि रोजच्या बुटांत. चालणं, वळणं, खुर्चीतून उठणं, जिन्याच्या चार पायऱ्या. सकाळी काढा आणि संध्याकाळी थकल्यावरही काढा, कारण डॉक्टरांसमोर माणूस दहा पावलं नेहमीपेक्षा नीट टाकतो. मग शांतपणे बघा. आधी टाच टेकते की चवडा? पाऊल फटकन आपटतं का? गुडघा मागे ताणला जातो का?

दादा कायम उजवा हात खिशात घालून चालायचा. आम्हाला ती त्याची लकब वाटायची. व्हिडिओ बघताना कळलं की पाऊल टेकलं की तो खिशातून मांडी मागे रेटतो, गुडघा मुडपू नये म्हणून.

२. मांडी, खुबा आणि घोटा तपासून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मांडीचा पुढचा स्नायू दुबळा झाला की शरीर स्वतःच एक युक्ती शोधतं. भार चवड्यावर घ्यायचा आणि पोटरीच्या ताठपणाने गुडघा मागे, सरळ धरून ठेवायचा. मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या बेकर आणि लिम्ब-गर्डल प्रकारांत टाचा उचलून चालणारी बरीच माणसं याच आधारावर उभी असतात. अशा पायाचा घोटा काटकोनात बांधला तर टाच टेकताच नडगी पुढे ढकलली जाते आणि गुडघा दगा देतो. दादाचं हेच झालं.

फिजिओथेरपिस्टकडून तिन्ही ठिकाणची ताकद ० (हालचालच नाही) ते ५ (पूर्ण ताकद) या मापात लिहून घ्या. गुडघा पूर्ण सरळ होतो का आणि घोटा काटकोनापर्यंत येतो का, हेही त्याच कागदावर हवं. घोटा येत नसेल तर ब्रेसमध्ये दाबून बसवू देऊ नका. टाचेखाली उंची देऊन ब्रेस आहे त्या कोनात बनवता येतो.

३. मग प्रकार ठरवा

मांडी भक्कम आहे आणि फक्त पाऊल लोंबतं, असं याच आजाराच्या मायोटोनिक आणि फेशिओस्कॅप्युलोह्युमरल (चेहरा, खांदे, दंड दुबळे करणाऱ्या) प्रकारांत पुष्कळदा दिसतं. तिथे मागून पातळ पट्टी असलेला, पावलागणिक वाकणारा ब्रेस पुरतो. अगदी सुरुवातीला बुटाच्या लेसमध्ये अडकवायचा इलॅस्टिकचा पट्टाही चालतो. फेशिओस्कॅप्युलोह्युमरलमध्ये बहुधा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त दुबळा असतो, त्यामुळे जोडीच घ्या असं कोणी सांगितलं तर कारण विचारा.

मांडीही दुबळी असेल तर नडगीला पुढून टेका देणाऱ्या ब्रेसबद्दल विचारा. भार पुढे गेला की त्याची पुढची पट्टी नडगी मागे दाबते आणि गुडघा सरळ राहतो. गुडघा मुळात सरळ होत असेल तरच याचा उपयोग. जिना, उतार आणि जमिनीवरून उठणं मात्र त्याने अवघड होतं. दादा आता कार्बन फायबरचा असा ब्रेस बाहेर जाताना घालतो आणि गेल्या पावसाळ्यात त्याच्या उजव्या हातात छत्री होती.

वजनावर तडजोड करू नका. खुबा दुबळा असलेल्या माणसाला प्रत्येक पावलाला ते उचलावं लागतं. आणि पट्टे त्याचे त्याला लावता येतात का, ते बघा. मायोटोनिकमध्ये हाताची पकड लवकर सुटत नाही, बकलपेक्षा रुंद वेल्क्रो बरा.

४. बूट घेऊनच ट्रायलला जा

बुटाची टाच बदलली की नडगीचा कोन बदलतो, म्हणून ज्या बुटात ब्रेस बसवलाय त्याच उंचीचे बूट पुढेही वापरायचे. बूट मोठ्या तोंडाचा, आतला सोल निघणारा, एखादा नंबर मोठा. घरात आपण अनवाणी असतो आणि नुसता ब्रेस फरशीवर घसरतो, तेव्हा घरासाठी मागे पट्टा असलेली वेगळी सँडल ठेवा. ट्रायलमध्ये जिना आणि उतार चालून दाखवल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. उजव्या पायाला ताठ ब्रेस असेल तर गाडीचे पेडल जमतात का, हे आधी तपासून घ्या.

५. सवय हळूहळू लावा

पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडं वाढवा. आत सुती, गुडघ्यापर्यंतचा मोजा. काढल्यावर उठलेली लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ब्रेस घेऊन परत जा, घासून देतात. मधुमेह असेल तर तळवे रोज बघा.

खर्चाचं थोडक्यात: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा. केंद्राच्या एडिप योजनेतून साधनांसाठी मदत मिळते. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत तपासणी आणि ब्रेस बनवणं दोन्ही एकाच ठिकाणी होतं.

आजार पुढे सरकतो, तसा ब्रेसही बदलावा लागतो. दर सहा महिन्यांनी तोच जिना, तीच खुर्ची, तसाच व्हिडिओ काढा आणि पुढच्या तपासणीला जुना-नवा दोन्ही घेऊन जा.