नोकरीतील भेदभाव आणि तक्रारीची मुदत: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

न्यू जर्सीत नोकरीसाठी नव्याने आलेली मराठी मुले-मुली भेटली की घरभाडे, क्रेडिट स्कोअर आणि गाडीचा परवाना यांविषयी भरपूर विचारतात. कामाच्या ठिकाणी अन्याय झाला तर काय करायचे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. व्हिसा कंपनीच्या हाती आहे, तेव्हा कंपनीविरुद्ध तोंड उघडण्याचा हक्कच आपल्याला नाही, असे त्यांनी मनोमन धरलेले असते. ही समजूत चुकीची आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा सातवा भाग १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू होतो आणि वंश, वर्ण, धर्म, लिंग किंवा मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करतो. हे संरक्षण एच-१बी या कामाच्या व्हिसावर असणाऱ्यालाही नागरिकाइतकेच आहे.

अर्थात प्रत्येक अन्याय म्हणजे कायद्याच्या भाषेतला भेदभाव नव्हे. येथे बहुतेक नोकऱ्या अशा असतात की मालक कोणतेही कारण न देता माणसाला काढू शकतो. साहेब तिरसट असणे बेकायदा नाही. पण तो तिरसटपणा केवळ भारतीयांच्या, केवळ स्त्रियांच्या किंवा केवळ गरोदर बाईच्या वाट्याला येत असेल, तर प्रश्न कायद्याचा होतो. उच्चारांचेच घ्या. तुमच्या बोलण्याच्या ढंगामुळे ते विशिष्ट काम खरोखरच नीट होत नसेल तरच त्या कारणाने बढती नाकारता येते. ऐकणाऱ्याला तो ढंग आवडत नाही, एवढे कारण पुरत नाही.

माझ्याच बाबतीत २०११ साली हे घडले. ज्या प्रकल्पाचे काम मी दोन वर्षे सांभाळले होते, त्याचे प्रमुखपद दुसऱ्याला देण्यात आले आणि ग्राहकांसमोर ‘आपल्यासारखा बोलणारा’ माणूस हवा, असे मला तोंडावर सांगण्यात आले. मी एचआर विभागाकडे गेलो. चौकशी चालू आहे, धीर धरा, असे उत्तर मिळत राहिले आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असल्यामुळे मीही धीर धरला. वकिलाकडे गेलो तेव्हा वर्ष उलटून गेले होते. समान रोजगार संधी आयोगाकडे, म्हणजे ज्याला सगळे ईईओसी म्हणतात त्याच्याकडे, तक्रार नोंदवण्याची मुदत साधारणपणे १८० दिवसांची असते आणि न्यू जर्सीसारख्या, स्वतःचा कायदा व यंत्रणा असलेल्या राज्यांत ती ३०० दिवसांची होते. ती घटनेच्या दिवसापासून मोजली जाते, आणि कंपनीतल्या चौकशीमुळे ती सहसा थांबत नाही, हे मला कोणीही सांगितले नव्हते. राज्याच्या कायद्याखाली न्यायालयात जाण्यासाठी २ वर्षे होती. धास्तीपोटी मी तीही जाऊ दिली. म्हणून आज नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो, की निर्णय ज्या दिवशी कळला ती तारीख लिहून ठेवा आणि तेथून दिवस मोजा. कॅलिफोर्नियात राज्याच्या यंत्रणेकडे जाण्यासाठी ३ वर्षे मिळतात. आपल्या राज्याचा नियम आधीच पाहून ठेवावा.

एचआरकडे जाऊ नये, असा याचा अर्थ नाही. जावे, पण लेखी जावे, आणि ‘माझ्यावर अन्याय होतो’ असे मोघम न लिहिता ‘माझ्या मूळ देशामुळे मला वेगळी वागणूक मिळते’ असे स्पष्ट लिहावे. प्रामाणिकपणे केलेल्या अशा तक्रारीबद्दल सूड उगवणे हेच स्वतंत्रपणे बेकायदा ठरते आणि पुष्कळदा मूळ भेदभावापेक्षा ते सिद्ध करणे सोपे जाते. कोण, कधी, कोणासमोर, नेमक्या कोणत्या शब्दांत बोलले, याची नोंद त्याच दिवशी स्वतःच्या वहीत करावी. कंपनीची गोपनीय कागदपत्रे मात्र स्वतःच्या ईमेलवर पाठवू नयेत, कारण तेच निमित्त करून नोकरीवरून काढता येते.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ‘आम्ही फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकच घेतो’ असे कंपनी म्हणाली, तर नागरिकत्वावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा केंद्रीय कायदा एच-१बीधारकाच्या मदतीला येत नाही. उलट, प्रकल्प नाही म्हणून तुम्हाला बेंचवर बसवून पगार थांबवला, तर ते सरळसरळ बेकायदा आहे आणि श्रम खात्याकडे १२ महिन्यांच्या आत तक्रार करता येते.

भेदभाव करणारा नेहमी परकाच असतो, असेही समजू नका. भारतीयांचाच भरणा असलेल्या गटात आडनाव, गाव, आहार विचारून जात हुडकली जाते, हे मी पाहिले आहे आणि त्याची मला लाज वाटते. बाबासाहेब जेथे कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते न्यूयॉर्क येथून तासाभराच्या अंतरावर आहे. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घातली. कॅलिफोर्नियातील तशाच विधेयकावर मात्र त्याच वर्षी राज्यपालांनी, सध्याच्या कायद्यात हे संरक्षण आहेच असे सांगून, नकाराधिकार वापरला. तेव्हा अशी वागणूक मिळाल्यास तीही वंश, मूळ देश किंवा धर्म यांच्या अंगाने मांडता येईल का, हे वकिलाला जरूर विचारावे.

नोकरी गेलीच, तर एच-१बीधारकाला शेवटच्या दिवसापासून जास्तीत जास्त ६० दिवस, किंवा आय-९४ ची (देशात राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची) मुदत त्याआधी संपत असल्यास तेवढेच दिवस, देशात राहण्यासाठी हाती उरतात आणि ईईओसीकडे तक्रार केल्याने ते वाढत नाहीत. म्हणून तक्रार आणि नव्या नोकरीचा शोध एकाच वेळी सुरू ठेवावा लागतो. त्याच सुमारास कंपनी काही आठवड्यांच्या पगाराच्या बदल्यात सर्व दावे सोडल्याचा कागद पुढे करते. ४० किंवा अधिक वयाच्या व्यक्तीला वयाविषयीचे दावे त्या कागदाने सोडून द्यायला लावायचे असतील, तर विचारासाठी किमान २१ दिवस आणि सहीनंतर ती मागे घेण्यासाठी ७ दिवस द्यावे लागतात. तरुणांना केंद्रीय कायद्याने अशी मुदत दिलेली नाही, पण वकिलाला दाखवण्यासाठी वेळ मागण्यात काहीच गैर नाही. आधीच केलेल्या कामाचा पगार, सही केली नाही तरी, कंपनीला द्यावाच लागतो.