उपकेंद्रावर गरोदर मातेची तपासणी कशी करावी

एखाद्या गरोदर मातेच्या कार्डावर चार भेटींत चारही वेळा 110/70 हाच रक्तदाब लिहिलेला दिसला, तर तो बहुधा मोजलाच गेलेला नाही असे समजावे. माणसाचा रक्तदाब सकाळ-संध्याकाळ बदलतो. तो सहा महिने जागचा हलला नाही, यावर कोणी विश्वास ठेवू नये. उपकेंद्रावर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेल्या एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका) आणि स्टाफ नर्स भगिनींसाठी हे लिहीत आहे. आपल्याकडे साधने मोजकीच असतात: वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र, मोजपट्टी, हिमोग्लोबिन तपासण्याचे साहित्य, लघवी तपासण्याच्या पट्ट्या आणि बाळाचे ठोके ऐकण्यासाठी डॉपलर किंवा फीटोस्कोप. महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण 2018-20 या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 होते आणि देशाचे 97. हे प्रमाण आणखी खाली आणण्यातला मोठा वाटा या साध्या साधनांनी घेतलेल्या खऱ्या आकड्यांचा आहे, असे माझे मत आहे.

नोंदणी 12 आठवड्यांच्या आत व्हावी आणि त्यानंतर 14 ते 26, 28 ते 34 आणि 36 आठवड्यांनंतर अशा मिळून किमान चार तपासण्या व्हाव्यात, हे आपल्याला प्रशिक्षणात शिकवलेले असते. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते. चौथ्या ते नवव्या महिन्यात प्रत्येक मातेची अशी किमान एक तपासणी झाली आहे ना, हे कार्डावर पाहावे.

पाळीची तारीख विचारण्याची पद्धत

संपूर्ण गरोदरपणाचा हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसावर उभा असतो, आणि नेमकी हीच तारीख सर्वांत घाईने लिहिली जाते. खेड्यातील अनेक स्त्रिया इंग्रजी तारीख सांगत नाहीत. त्या सण किंवा तिथी सांगतात, म्हणून जवळ पंचांगाचे कॅलेंडर ठेवावे. त्याहून महत्त्वाचे असे की "नारळी पौर्णिमेला डोक्यावरून पाणी घेतले" असे ती म्हणाली, तर तो पाळीचा पहिला दिवस नसतो. डोक्यावरून न्हाण्याची रीत बहुतेक घरांत चौथ्या किंवा पाचव्या दिवशी असते, त्यामुळे तेवढे दिवस मागे जावे लागते. काही जणी पाळी ज्या दिवशी यायला हवी होती आणि आली नाही तोच दिवस सांगतात, आणि मग हिशेब चक्क एका महिन्याने चुकतो. म्हणून "अंगावर जायला सुरुवात कोणत्या दिवशी झाली?" असा सरळ प्रश्न विचारावा आणि उत्तर आल्यावर त्याच्या मागचा-पुढचा एखादा सण विचारून ते ताडून पाहावे. मग पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवावेत: पाळी 10 ऑगस्टला आली असेल, तर प्रसूतीची अपेक्षित तारीख 17 मे. पाळी अनियमित असेल, किंवा अंगावर पाजत असतानाच दिवस राहिले असतील, तर हा हिशेब धरू नये आणि लवकरात लवकर सोनोग्राफीसाठी पाठवावे.

याच बैठकीत आधीची बाळंतपणे विचारावीत. हा प्रश्न सासू शेजारी असताना विचारला तर पडलेला गर्भ, दगावलेले मूल, मारहाण यांपैकी काहीही बाहेर येत नाही. "आता वजन करायचे आहे" असे म्हणून मातेला आत घ्यावे आणि दार लोटून मग विचारावे.

रक्तदाब

माता लांबून चालत आलेली असते, म्हणून तिला आधी लघवीला जाऊन यायला सांगावे आणि पाच मिनिटे पाठीला टेकण असलेल्या खुर्चीवर बसवावे. पाय जमिनीवर टेकलेले असावेत, हात टेबलावर हृदयाच्या पातळीवर असावा. पट्टा उघड्या दंडावर बांधावा. पोलक्याची घट्ट बाही वर सरकवली की ती दंडाला दोरीसारखी आवळते आणि आकडा चुकतो. अशा वेळी बाहीतून हात काढायला सांगणे बरे, आणि त्यासाठीच खोलीला पडदा हवा. पट्ट्याच्या आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या किमान 80 टक्के भागाभोवती गेली पाहिजे; जाड दंडाला लहान पट्टा लावला तर रक्तदाब खोटा वाढलेला दिसतो. मनगटाची नाडी बोटांखाली धरून पट्टा फुगवावा, नाडी लागेनाशी झाली की आणखी 30 पर्यंत पारा किंवा काटा वर न्यावा आणि मग दर सेकंदाला सुमारे 2 या गतीने हवा सोडावी. आवाज पूर्ण नाहीसा होतो तो खालचा आकडा. या वेळात आपणही बोलू नये आणि तिलाही बोलू देऊ नये. आकडा 126/82 आला तर 126/82 असाच लिहावा, शून्याच्या घरात ढकलू नये.

वरचा आकडा 140 किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा 90 किंवा त्याहून जास्त आला, तर चार तासांनी पुन्हा मोजावा आणि दुसऱ्यांदाही तसाच आला तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. 160/110 च्या घरात आला तर चार तास थांबण्याचा प्रश्नच नाही. मात्र 140 च्या खाली असलेल्या आकड्यालाही मागच्या आकड्याशेजारी ठेवून पाहिले पाहिजे: जी माता तिसऱ्या महिन्यात 100/64 होती आणि आठव्या महिन्यात 134/86 झाली, तिचे कार्ड नियमाने "सामान्य" असते, पण मी तिला आठवड्याने पुन्हा बोलावीन आणि लघवीतील प्रथिने आवर्जून पाहीन.

लघवीचा नमुना मधल्या धारेचा घ्यावा, कारण अंगावरून पांढरे जात असेल तर तेच मिसळून पट्टीवर प्रथिने दिसतात. पट्टीच्या डबीचे झाकण लगेच लावावे. दमट हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्या खोटे रंग दाखवतात, आणि कोकणात पावसाळ्यात तर हे हमखास घडते.

वजन दर वेळी शक्यतो त्याच काट्यावर, चपला काढून करावे. एका महिन्यात 3 किलोपेक्षा जास्त वाढ झाली तर आनंद मानण्याआधी चेहरा आणि बोटे सुजली आहेत का ते पाहावे. बांगड्या रुतू लागल्या, अंगठी निघेना, सकाळी उठल्यावर पापण्या जड, अशा तक्रारी बायका सहज बोलण्यात सांगून जातात. त्या ऐकू आल्या की रक्तदाब पुन्हा मोजावा.

हिमोग्लोबिन आणि गोळ्यांचा खरा प्रश्न

बोटाला टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाकावा आणि पुढचा आपोआप येऊ द्यावा. बोट पिळले की रक्तात पेशींमधले पाणी मिसळते आणि आकडा खाली येतो. 11 ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, 7 ते 9.9 मध्यम आणि 7 च्या खाली तीव्र. तीव्र रक्तक्षय असलेल्या मातेला गोळ्या देऊन घरी पाठवू नये, मोठ्या रुग्णालयात पाठवावे. पालघर, नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली या भागांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाल्याशिवाय रक्तक्षयाचे कारण "आहार" असे लिहून मोकळे होऊ नये.

चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची एक गोळी, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची, किमान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस द्यायची असते. सौम्य किंवा मध्यम रक्तक्षयात रोज दोन. गोळ्या वाटल्याची नोंद रजिस्टरमध्ये पूर्ण असते, तरी हिमोग्लोबिन वाढत नाही, याचे कारण घरच्या फळीवर भरलेल्या पाकिटांत सापडते. गोळीने बाळ काळे होते, बाळ फार मोठे होऊन बाळंतपण जड जाते, असे घरात सांगितलेले असते, आणि शौचास काळे होऊ लागल्यावर त्या समजुतीला जणू पुरावाच मिळतो. म्हणून "गोळ्या घेता ना?" असे विचारू नये, त्याचे उत्तर "हो"च येते. "पाकीट घेऊन या, किती उरल्या ते पाहू" असे म्हणावे. काळी शौच होणे हे गोळी पोटात गेल्याचे लक्षण आहे आणि त्याचा बाळाच्या रंगाशी संबंध नाही, हे पहिले पाकीट हातात देतानाच सांगितले तर पुढची अर्धी कटकट टळते. मळमळ होत असेल तर गोळी रात्री झोपताना घ्यावी. चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेतली तर लोह नीट शोषले जात नाही. लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर घेतली तर चांगले शोषले जाते.

कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नये, हे सांगूनही गोंधळ होतो, कारण दोन्ही पाकिटे एकाच पिशवीतून दिली जातात. मी असे वेळापत्रक सांगते: कॅल्शियमची एक गोळी सकाळच्या न्याहारीबरोबर आणि एक रात्रीच्या जेवणाबरोबर, लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर चूल किंवा सूर्याचे चित्र काढून द्यावे. महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे, आणि गोळ्या नियमित घेऊनही ते 1 ग्रॅमनेही वाढले नसेल तर पुढच्या तपासणीसाठी पाठवावे. जंतनाशक अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची एक गोळी चौथ्या महिन्यापासून पुढे, आपल्यासमोर खायला द्यावी. पहिल्या तीन महिन्यांत नाही. आहाराबद्दल सांगताना तिच्या चुलीवर जे शिजते तेच नाव घ्यावे: मोड आलेली मटकी, हुलगे, शेवग्याचा पाला, नाचणीची भाकरी, परवडत असेल तर अंडे.

मधुमेहाची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत करावी. उपाशीपोटी असण्याची गरज नसते. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायला द्यावे आणि दोन तासांनी साखर 140 किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांकडे पाठवावे. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी नव्याने करावी.

पोटाची तपासणी

मूत्राशय रिकामे, गुडघे वाकवलेले, आपले हात चोळून गरम केलेले, आणि पोटाखेरीज बाकी अंग झाकलेले असावे. गर्भाशयाची उंची 12 आठवड्यांना जघनास्थीच्या (ओटीपोटाच्या खालच्या टोकाच्या हाडाच्या) किंचित वर, 24 च्या सुमारास बेंबीपाशी आणि 36 ला छातीच्या हाडाच्या टोकाशी लागते. 24 आठवड्यांनंतर मोजपट्टीवरचे सेंटिमीटर आणि आठवडे साधारण सारखे असतात. 2 पेक्षा जास्त फरक पडला तर आधी तारखेचा हिशेब पुन्हा तपासावा आणि तो बरोबर असेल तर पाठवावे. माता उताणी झोपल्यावर घाबरी झाली, घाम फुटला, तर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडला आहे हे ओळखून तिला लगेच डाव्या कुशीवर वळवावे.

बाळाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजावेत आणि त्या वेळी दुसऱ्या हाताने मातेची नाडी धरावी. नवीन हातांना आईच्या रक्तवाहिनीचाच आवाज बाळाचा वाटतो. दोन्ही एकाच लयीत चालले असतील तर आपण आईलाच ऐकत आहोत. 110 च्या खाली किंवा 160 च्या वर ठोके टिकून राहिले तर वाट पाहू नये. हालचालींविषयी "बाळ फिरते ना?" याऐवजी "कालच्यापेक्षा आज कमी वाटते का?" असे विचारावे.

अंगावरून रक्त जात असलेल्या मातेची आतून तपासणी उपकेंद्रावर कधीही करू नये. वार गर्भाशयाच्या तोंडाशी खाली असेल तर एका बोटाने प्रचंड रक्तस्राव सुरू होऊ शकतो.

पाठवायची वेळ आली तर

न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात कळ, झटके, रक्तस्राव, पाणी जाणे, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, बसल्या जागी धाप लागणे: यांपैकी काहीही असेल तर 108 ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत डाव्या कुशीवर झोपवून रक्तदाब व नाडी लिहीत राहावे. चिठ्ठीवर दिलेले औषध, मात्रा आणि वेळ असावी. ज्या रुग्णालयात पाठवत आहोत तिथे फोन करून डॉक्टर हजर आहेत ना, हे विचारल्याशिवाय गाडी हलवू नये. एकदा मी हे केले नाही, आणि त्या मातेला एका दारावरून दुसऱ्या दारी जावे लागले; ती वाचली, पण तो दीड तास मी विसरलेले नाही.

स्थलांतर करणाऱ्या मातांसाठी वेगळी यादी ठेवावी लागते. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात, म्हणून सप्टेंबरमध्येच आशाताईंना बरोबर घेऊन कोण गरोदर आहे, प्रसूतीची तारीख हंगामात येते का आणि कारखाना कोणता, हे विचारून ठेवावे. निघण्यापूर्वी टीडीचे (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचे) डोस झालेले असावेत, गोळ्या किमान दोन महिन्यांच्या द्याव्यात, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यावे आणि मुकादमाचा फोन क्रमांक आपल्या रजिस्टरला असावा. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते, तेव्हाही हेच करावे: माहेरच्या गावच्या सिस्टरांना स्वतः फोन करून शेवटचा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन सांगावे, कारण ओटीभरणाच्या गडबडीत कार्ड सासरच्या कपाटातच राहून जाते.