माळावरचा रानकांदा ओळखताना

रानकांद्याची ओळख खात्रीने पटवायची असेल, तर एकाच जागी वर्षातून दोनदा जाणे आवश्यक असते, कारण त्याची फुले आणि पाने सहसा एकत्र दिसत नाहीत. इंदूरहून चोरल किंवा जानापावच्या बाजूला फिरायला जाणाऱ्यांनी मुरमाड उतारांवर आणि विरळ गवताच्या माळांवर त्याचा शोध घ्यावा. ‘जंगली प्याज’ म्हणूनही ओळखल्या जाणाऱ्या या वनस्पतीचे शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका असे असून जुन्या ग्रंथांत ती अर्जिनिया इंडिका या नावाने आढळते.

पहिली फेरी चैत्र-वैशाखात करावी. गवत वाळून गेलेले असताना जमिनीतून थेट वर आलेला, एकही पान नसलेला, साधारण गुडघ्याएवढा किंवा त्याहून उंच दांडा दिसला, तर जवळ बसून त्यावरील फुले नीट पाहावीत. ती एकमेकांपासून अंतर राखून, लांब देठांवर खाली झुकलेली असतात. प्रत्येक फूल जेमतेम सेंटिमीटरभर लांब, सहा पाकळ्यांचे आणि मातकट तपकिरी रंगाचे असते. हा रंग वाळल्या गवतात इतका मिसळून जातो की वाटेवरून चालणाऱ्याच्या नजरेतून झाड सहज सुटते, आणि माझ्या मते रानकांदा दुर्लक्षित राहण्याचे हेच मोठे कारण आहे.

फुलांची मांडणी ही सर्वांत भरवशाची खूण होय. खाण्याच्या कांद्याची फुले दांड्याच्या टोकाशी एका गोल झुबक्यात येतात, तर रानकांद्याची फुले दांड्यावर खालून वर क्रमाने उमलत जातात. मोठी, पांढरी, सुवासिक फुले दांड्याच्या शेंड्यावर एकत्र असतील, तर ती वनस्पती नागदवण्याच्या कुळातील असण्याची शक्यता अधिक.

जागेची नोंद ठेवून पावसाळ्यात पुन्हा तेथे जावे. आता दांडा नाहीसा झालेला असतो आणि त्याच कंदातून चपट्या, अरुंद, टोकदार पानांचा पुंजका वर आलेला असतो. कांद्याची पात आतून पोकळ असते. रानकांद्याचे पान भरीव असते आणि चुरगळले तरी त्याला कांद्याचा वास येत नाही. मात्र रसाने त्वचेची आग होऊ शकते, म्हणून हात लगेच धुवावेत.

कंद पांढरा आणि पापुद्र्यांचा असतो, परंतु ओळखीसाठी तो उपटण्याची मुळीच गरज नाही. मुळाशी बोटाने थोडी माती बाजूला सारली तरी त्याचा वरचा भाग दिसतो. तो पाहून माती पूर्ववत लोटावी. इंदूरजवळचे रालामंडल हे अभयारण्य असल्याने तेथे एवढेही करू नये, छायाचित्रांवरच भागवावे. हा कंद चाखून पाहण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण त्यातील द्रव्ये थेट हृदयाच्या गतीवर परिणाम करतात, आणि रानभाजी समजून तो घरी आणणे जिवावर बेतू शकते.