‘आजचा भाव’ कार्डाच्या कोपऱ्यात कसा बसवला

रावेरकडच्या केळी बागायतदारांसाठी भाव दाखवणारी साइट सांभाळतो. प्रत्येक कार्डाच्या (भाव दाखवणाऱ्या चौकटीच्या) कोपऱ्यात हवी असलेली ‘आजचा भाव’ची पट्टी स्क्रीनच्या माथ्यावर जायची, सगळ्या एकावर एक. CSS मध्ये, म्हणजे पानाची मांडणी आणि रंग ठरवणाऱ्या भाषेत, पट्टीला पोझिशन ॲब्सोल्यूट होतं. असा घटक आपली जागा जवळच्या पोझिशन दिलेल्या पूर्वजावरून, म्हणजे त्याला आत घेणाऱ्या बाहेरच्या घटकावरून मोजतो. तसा कुणी नसेल तर थेट पानाच्या वरच्या टोकावरून. कार्डाला पोझिशन रिलेटिव्ह दिलं, पट्टीचं टॉप आणि राइट शून्य केलं, बसली! उणे मार्जिन (घटकाभोवतीची मोकळी जागा शून्याखाली) देऊन ढकलत बसू नका, मोबाइलवर पुन्हा विस्कटतं.

रंगांची व्हेरिएबल्स (नाव देऊन साठवलेले रंग) रूटवर, म्हणजे पानाच्या सगळ्यात बाहेरच्या घटकावर ठेवली: --केळी, --काळी-माती. हो, नावं देवनागरीत चालतात, मला फार आवडलं. भर उन्हात बागेत फोन बघतात म्हणून फिक्या पार्श्वभूमीवर गडद अक्षरं. डार्क मोडसाठी फक्त ही व्हेरिएबल्स बदलली.