टँटलम फॉस्फाइडमधला खोटा ऋण चुंबकरोध

टँटलम फॉस्फाइडच्या स्फटिकात करंट आणि चुंबकीय क्षेत्र समांतर ठेवून क्षेत्र वाढवलं, तसा २ केल्व्हिनला रोध घटत गेला (यालाच ऋण चुंबकरोध म्हणतात). हीच कायरल अनॉमली (अशा पदार्थांत समांतर क्षेत्रामुळे रोध खरोखर घटवणारा क्वांटम परिणाम), असं वाटणं साहजिक आहे, पण इथे दोष कॉन्टॅक्टचा, म्हणजे तारा जोडलेल्या जागांचा होता. करंटच्या दोन्ही तारा स्फटिकाच्या वरच्या पृष्ठावर ठिपक्यांसारख्या चिकटवलेल्या होत्या.

मोबिलिटी (विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन किती सहज सरकतात त्याचं माप) १० चौरस मीटर प्रति व्होल्ट-सेकंद धरली, तर ९ टेस्लाला तिचा क्षेत्राशी गुणाकार ९० येतो. क्षेत्राच्या दिशेतली वाहकता आडव्या वाहकतेच्या सुमारे ८१०० पट होते. लांबीला या गुणोत्तराच्या वर्गमुळाने, म्हणजे ९० ने भागायचं; म्हणजे २ मिमी लांबीचा तुकडा विद्युतदृष्ट्या जेमतेम ०.०२ मिमी लांबीचा वागतो. करंट पसरतच नाही, ठिपक्यांमधल्या रेषेतून झोतासारखा जातो. कडेच्या तारांना व्होल्टेज कमी मिळतं, आणि रोध घटल्याचा भास होतो.

तपासणी सोपी आहे: व्होल्टेजची एक जोडी करंटच्या रेषेवर, दुसरी कडेला लावा. आमच्याकडे रेषेवरचं व्होल्टेज क्षेत्राबरोबर चढलं, कडेचं उतरलं.

मग तुकडा २ × ०.३ × ०.२ मिमी कापला, टोकं घासून सपाट केली आणि दोन्ही टोकांचे संपूर्ण चेहरे सिल्व्हर पेंटने माखले. इथे घाई नको; एक कोपरा कोरडा राहिला तरी झोत परत येतो. व्होल्टेजसाठी २५ मायक्रॉनची सोन्याची तार, पेंटचा ठिपका शक्य तितका बारीक. हॉल व्होल्टेजची (क्षेत्रामुळे करंटला आडवं तयार होणारं व्होल्टेज) भेसळ काढायला धन आणि ऋण क्षेत्रातल्या मोजण्यांची सरासरी घेतली.

आता दोन्ही जोड्यांचे आलेख जुळतात, आणि रोधाची ती घसरण दिसत नाही.