पेट्रोलचा काटा मेलाय? टाकी खोलायच्या आधी हे वाचा

जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा अडकला की लोक सरळ नवीन सेंडर, म्हणजे टाकीतलं पेट्रोल किती आहे ते काट्याला कळवणारा भाग, मागवतात. थांबा जरा. बऱ्याचदा सेंडर ठणठणीत असतो आणि गंजलेली अर्थ, म्हणजे सेंडरला गाडीच्या बॉडीशी जोडणारी विजेची जोडणी, सगळा घोळ घालते.

सेंडर म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट, त्याचा दांडा आणि दांड्याबरोबर बारीक तारेच्या गुंडाळीवर सरकणारी पत्ती, पेट्रोल वरखाली झालं की रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो आणि काटा हलतो. आता इग्निशन बंद ठेवून सेंडरची वायर काढा, ती बॉडीच्या स्वच्छ धातूला नीट जोडा आणि मगच इग्निशन ऑन करा, म्हणजे टाकीजवळ ठिणगी पडणार नाही. काटा पूर्ण एका टोकाला गेला आणि वायर सुटी ठेवून परत बघितल्यावर दुसऱ्या टोकाला आला तर डॅशवरचं गेज आणि वायर चांगली आहे. जास्त वेळ ऑन ठेवू नका. मग वायर परत सेंडरला लावा आणि सेंडरच्या बॉडीपासून चासीपर्यंत एक वेगळी अर्थ वायर टाकून बघा, काटा जिवंत झाला तर काम तिथेच संपलं. आणि टेम्परेचरचा काटाही चुकीचं दाखवत असेल तर डॅशमागचा, दोन्ही काट्यांना ठरावीक व्होल्टेज देणारा व्होल्टेज स्टॅबिलायझर बघा, सेंडरला हात लावू नका.

तरीही काटा हलला नाही तर सेंडर काढावाच लागेल. बॅटरी काढा, टाकी जमेल तेवढी रिकामी करा, काम उघड्यावर करा आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, यात अजिबात आळस नको, पेट्रोलपेक्षा त्याची वाफ जास्त घातक. सेंडर टाकीवर धरून ठेवणारी लॉक रिंग लाकडी किंवा पितळी ठोकळ्याने हळूहळू फिरवा, लोखंडी छिन्नी नकोच.

बाहेर आला की पितळी फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो भोक पडून बुडालाय, नवीन घाला. सोल्डर करायच्या भानगडीत पडू नका, आत वाफ राहिली तर भडका उडतो. मल्टीमीटर ओहमवर (रेझिस्टन्स मोजायच्या सेटिंगवर) लावून दांडा सावकाश फिरवा, आकडा सलग बदलायला हवा, मध्येच तुटला तर पत्ती नीट टेकत नाहीये किंवा तार तुटलीय. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा, पत्ती अगदी किंचित दाबून घ्या, पण जाड पॉलिश पेपर घासू नका, तार केसासारखी बारीक असते. तार तुटलेली असेल तर युनिट बदला, मात्र ओहम जुळवूनच, कारण 1965 नंतरच्या बऱ्याच जनरल मोटर्स गाड्यांत रिकाम्या टाकीला 0 आणि भरलेल्याला 90 ओहम असतात तर जुन्या फोर्डमध्ये उलटं, रिकामी साधारण 73 आणि भरलेली 10, चुकीचा बसवलात तर काटा उलटा पळेल.

बसवताना गॅस्केट नवीनच घ्या, साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं. टाकी भरल्यावर कडेने ओल येतेय का तेही बघा.